मागची लाइन

टेपचं एक टोक काकूंनी अंगठ्याखाली दाबून धरलं होतं आणि टेपचा डबा हातात घेऊन ती मुलगी गच्चीच्या मागच्या कठड्याकडे निघाली होती. काकूंनी टोक जरा ओढून धरलं.

"सैल सोडा ना, काकू. अडकतोय कुठंतरी."

टेप कुठंच अडकत नव्हता. पण मागच्या कठड्याशी उभं राहून कुणी खाली वाकलं असतं, तर त्याला मागची भिंत दिसली असती, भिंतीवर पसरलेला वेल दिसला असता आणि जरा निरखून पाहिलं असतं तर वेलाच्या पानांतून पलीकडच्या अंगणात उतरलेली काळी वायरही दिसली असती. काकूंचा अंगठा सुटला. पट्टी सपकन मागे गेली आणि मुलीच्या बोटावर आदळली.

"अगं बाई! लागलं का गं?"

"नाही, नाही. रोजचंच आहे." मुलीने बोट झटकलं आणि टोक परत आणून काकूंच्या हातात दिलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीला सॅक, पायात पुरुषी बूट. सोलरच्या एका कंपनीतर्फे ती घरोघरी जाऊन गच्च्या मोजायची. कुणाच्या छपरावर किती पॅनेल बसतील, त्याला खर्च किती येईल, महिन्याला बिलात किती वाचेल आणि घातलेला पैसा किती वर्षांत निघेल, हे सगळं ती जागच्या जागी मांडून द्यायची. यायची होती रविवारी. पण काल संध्याकाळी तिचा फोन आला, उद्याच आले तर चालेल का, आणि फोरमननी काकूंना न विचारता, न सांगता हो म्हणून टाकलं.

फोरमन म्हणजे काकूंचे यजमान. बस दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात विजेच्या कामाचे फोरमन म्हणून ते निवृत्त झाले. कारखाना सुटला तरी फोरमनपण काही सुटलं नाही. गल्लीत, बाजारात, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. आणि काकूंना सगळं गाव केकवाल्या काकू म्हणून ओळखायचं, कारण वाढदिवसाचे केक त्या घरीच भाजून द्यायच्या.

"टाकीची सावली कुठवर येते हो, काका?" मुलीने विचारलं.

"थंडीत त्या पन्हळीपर्यंत. उन्हाळ्यात इथंच, पायाशी." फोरमननी चपलेच्या टोकाने दाखवलं. "आखून ठेवलीय बघ. दर महिन्याची."

गच्चीच्या फरशीवर खरंच खडूच्या रेघा होत्या, काही ठसठशीत, काही पुसट. मुलगी खाली बसून त्या बघायला लागली.

"सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी असती तर माझं काम अर्ध्या वेळात झालं असतं."

"अर्ध्या वेळात झालेलं काम मला चालत नाही," फोरमन म्हणाले. पण मिशीतल्या मिशीत हसले.

काकूंना मात्र हसू फुटेना. मुलगी उठली, कठड्यापाशी गेली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मागे सावली पाडणारं झाड नाही, उंच इमारत नाही, असं स्वतःशीच म्हणाली. मग खाली वाकली.

"काकू, ही वायर कुठं जाते?"

"ती होय?" काकूंना आपलाच आवाज परका वाटला. "जुनी आहे. तिथं मागं एक दिवा होता आमचा."

"काढून टाका. उन्हात प्लास्टिक कुजतं. उघड्यावरची वायर चांगली नाही."

"काढायचीच आहे."

काकूंनी हळूच मागे पाहिलं. फोरमन वाकून खडूच्या एका रेघेवर पडलेली पाखराची घाण काडीने खरवडत होते. ऐकलं असेल की नाही, पाठीवरून काही कळत नव्हतं.

भिंतीपलीकडे स्टोअरकीपर राहत होते. त्याच कारखान्यातले. एके काळी दोघं एकाच डब्यातलं खायचे आणि एकाच बसने घरी यायचे. मग एका पावसाळ्यात कारखान्याच्या कोठारातून तांब्याच्या तारेची रिळं नाहीशी झाली. चौकशी बसली. त्या रात्री किल्ल्या कुणाकडे होत्या, असं विचारल्यावर स्टोअरकीपरनी सांगितलं, फोरमनकडे. ते खरंच होतं. पण दुसरा जुडगा साहेबांच्या कपाटात असायचा, हेही तितकंच खरं होतं आणि ते त्यांनी सांगितलं नाही. घाबरून सांगितलं नाही, की कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे फोरमननी कधी विचारलं नाही. त्यांना कित्येक महिने घरी बसावं लागलं. पुढे डाग धुऊन निघाला, पण वरची जागा हातची गेली ती गेलीच. फोरमननी मागची भिंत स्वतःच्या हाताने तीन थर उंच केली आणि त्या दिवसापासून पलीकडच्या माणसाचा उल्लेख या घरात "तो मागचा" यापलीकडे झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात स्टोअरकीपरच्या घरमालकाने त्यांची वीज तोडली. त्याला घर रिकामं हवं होतं. म्हातारा भाडेकरू निघत नाही म्हटल्यावर त्याने मीटरच काढून नेलं. खटला उभा राहिला, तारखा पडू लागल्या. स्टोअरकीपरची लेक औषधांच्या दुकानात काम करायची. एका दुपारी ती फोन चार्ज करून द्याल का म्हणून केकवाल्या काकूंच्या दारात आली. काकू तिच्याबरोबर सहज मागच्या बोळातून तिच्या घरी गेल्या, तर पलंगावर स्टोअरकीपर उशांना टेकून बसलेले आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन बंद पडलेलं. फुप्फुसं गेली होती त्यांची. दिवसभर सिलिंडरवर काढायचे. सिलिंडर संपला की लेक दुसरा आणायला पळायची.

"वहिनी, बसा," ते म्हणाले होते. एवढे दोन शब्द बोलायला त्यांनी मध्ये दोनदा श्वास घेतला होता.

काकूंनी त्याच दिवशी फोरमन बाजारात गेल्याचं पाहून मागच्या दाराबाहेरच्या सॉकेटातून वायर काढली आणि वेलाखालून पलीकडे सोडली. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. बिल फुगल्यावर फोरमननी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "ऑर्डरी वाढल्यात. ओव्हन खातोय." फोरमननी त्यावर चार-पाच दिवस विचार केला आणि मग म्हणाले, "सोलर बसवून टाकू."

त्यासाठी मुदत ठेव मोडायची ठरली होती. काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव. एका खोट्या वाक्यावर त्यांच्या नवऱ्याने आयुष्यभराची शिल्लक छपरावर नेऊन ठेवायची चालवली होती. आणि खरं सांगितलं तर ते वायर काढायला लावणार, याबद्दल काकूंना तिळभर शंका नव्हती.

*

खाली पुढच्या खोलीत टेबलावर मुलीने वर्षभराची बिलं पत्त्यांसारखी पसरली. एकेक उचलून ती फोनवर आकडे दाबत गेली. तिचं बोट थांबलं.

"उन्हाळ्यापर्यंत महिन्याला अडीचशे युनिट. आणि मग एकदम चारशे. नवीन काय घेतलंत?"

"ओव्हन," फोरमन म्हणाले.

"नवा?"

"जुनाच," काकू घाईने म्हणाल्या. "पण ऑर्डरी वाढल्यात ना."

मुलीने मान डोलावली. मग सवयीने हिशेब करू लागली. तिच्या डोक्यात काही वाईट नव्हतं, हेच तर काकूंना जास्त जड जात होतं. "तुमचा ओव्हन दोन हजार वॅटचा. तासाला दोन युनिट. दीडशे युनिट जास्त म्हणजे रोज अडीच तास जादा. रोज, हं. सुट्टी नाही." ती हसली. "काकू, एवढे केक खातं कोण?"

काकूंनी टेबलावरची धूळ नसलेली जागा अॅप्रनने पुसली. फोरमन खिडकीबाहेर बघत होते.

"विचारते एवढ्यासाठी," मुलगी म्हणाली, "की सगळं गणित या आकड्यावर उभं आहे. चारशे युनिट खरंच लागत असतील तर साडेतीन किलोवॅट लावू. जागा आहे, ऊन आहे. बिल जवळपास शून्यावर येईल आणि सहाएक वर्षांत पैसे वसूल. पण समजा लागत नसतील, तर तुम्ही उगाच मोठं लावून बसाल. जादा झालेली वीज कंपनी घेते, नाही असं नाही, पण कवडीमोलाने. मग सहाची दहा होतील."

"दहा," काकू पुटपुटल्या.

"आणि दुसरी शक्यता म्हणजे गळती. जुन्या घरांत होतं असं. आपण तपासूनच घेऊ ना. सगळं बंद करायचं आणि मीटर बघायचं. पाच मिनिटांचं काम."

दुपारची वेळ. लेक दुकानात. स्टोअरकीपर घरात एकटे, आणि मशीन याच घराच्या विजेवर.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. "फ्रिजमध्ये क्रीम आहे. उतरेल सगळं."

"पाच मिनिटांत काही होत नाही, काकू."

"उद्याची ऑर्डर आहे गं माझी."

"परवाची म्हणाली होतीस," फोरमन म्हणाले. ओरडून नाही, साधेपणानेच.

मुलगी घरभर फिरली. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, पाण्याचा पंप, गिझर, टीव्हीचा लाल दिवासुद्धा. घर एकदम मुकं झालं. मग ती दारामागच्या मीटरसमोर जाऊन उभी राहिली. मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता.

"बघा! म्हटलं नव्हतं?" एखादा चोर सापडावा तसा तिला आनंद झाला. "काहीतरी चालू आहे. आता कुठल्या लाइनवर ते शोधू."

मीटरखाली फोरमननी स्वतः बसवलेला बोर्ड होता. खटक्यांची रांग आणि प्रत्येक खटक्याखाली त्यांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: पुढची खोली, झोपायची खोली, पंप, स्वयंपाकघर, मागची लाइन. मुलीने पहिला खटका पाडला. ठिपका लुकलुकत राहिला. दुसरा पाडला. तिसरा. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आता बोलावं, आत्ता, या क्षणी, असं प्रत्येक खटक्याला त्यांना वाटत होतं आणि प्रत्येक खटक्याला तोंडाला कुलूप लागत होतं. चौथा पडला. मुलीचं बोट पाचव्यावर गेलं.

"तो राहू दे," फोरमन म्हणाले.

"एकच क्षण, काका."

खट.

ठिपका विझला.

"सापडली! मागची लाइन."

"मी आले हं," काकू म्हणाल्या. "मागच्या दाराला कडी घालून येते."

कडी घालायला निघालेली बाई दार सताड उघडं टाकून गेली. अंगणातून फाटकाकडे, फाटकातून बोळात. गुडघे बोंबलत होते, पण आज त्यांचं ऐकायला वेळ नव्हता. बोळ लांबचा, वळसा घालून जाणारा. भिंत तीन थर कमी असती तर ओलांडून गेले असते, असा वेडा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. निम्म्या बोळातच त्यांना मशीनचा आवाज ऐकू आला, वीज गेली की ते ओरडतं तो, लांबलचक, एकसुरी.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्टोअरकीपर पलंगाच्या कडेला अर्धे कलंडले होते. एक हात सिलिंडरच्या चावीवर, पण बोटांत जोर नव्हता. ओठ निळसर दिसत होते. डोळे मात्र पूर्ण जागे, काकूंवर खिळलेले.

काकूंनी नळी मशीनमधून उपसून सिलिंडरला लावली. चावी फिरेना. अॅप्रनचं टोक चावीवर गुंडाळून त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा चावी करकरली आणि सिलिंडरमधून बारीक फुस्स असा आवाज आला.

"सावकाश, भावजी. सावकाश घ्या. मी आहे इथं."

त्यांनी त्यांना खांद्याखाली धरून सरळ केलं, पाठीमागे उशी सारली. किती हलकं झालं होतं ते शरीर. काकूंनी मशीनचं बटण बंद केलं नव्हतं. ते ओरडतच होतं आणि मग आपोआप दमून गप्प झालं.

"फोरमन... घरात आहे?" स्टोअरकीपरनी विचारलं.

"आहेत."

"त्याने... तोडली?"

"नाही हो. मोजणी चाललीय घरात. सोलर बसवायचंय. कळलंच नाही मला, आज येतील म्हणून. माझी चूक."

स्टोअरकीपरनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले.

"मग सापडली असेल वायर."

काकूंनी चादरीची सुरकुती ओढून सरळ केली.

"काढा म्हणाला तर... काढा, वहिनी. तुमच्या घरात वाद नको. लेकीला मी सांगेन, मशीन बिघडलं."

"आणि मग काय करणार?"

"सिलिंडर आहे की."

"किती पुरतो तो?"

यावर त्यांनी नुसतं हसल्यासारखं केलं. काकूंना एकदम राग आला, त्यांचा, फोरमनचा, त्या तारेच्या रिळांचा, घरमालकाचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढे महिने वायर सोडायचं धाडस झालं, पण एक वाक्य बोलायचं झालं नाही. आणि त्या वाक्यावाचून आज हा माणूस इथं एकटा गुदमरून गेला असता.

"गप्प बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी सांगणार आहे त्यांना. आत्ता जाऊन सांगते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"वहिनी—"

तेवढ्यात मशीनने एक टुक असा आवाज केला. हिरवा दिवा लागला. मग आतून ती ओळखीची घरघर सुरू झाली.

दोघंही मशीनकडे बघत राहिले. काकूंनी काही क्षण वाट पाहिली. पुन्हा बंद पडेल, असं वाटत होतं. पडलं नाही. त्यांनी नळी परत मशीनला जोडली, सिलिंडरची चावी आवळली, पण या वेळी फार नाही, म्हाताऱ्या बोटांना उघडता येईल इतपतच. पाण्याचा पेला पलंगाशेजारी सरकवला आणि निघाल्या.

परतीचा बोळ त्यांना आणखी लांब वाटला. वाक्य जुळवत चालल्या होत्या त्या. "अहो, मी तुम्हाला न सांगता" अशी सुरुवात करावी, की आधी ठेव मोडू नका म्हणून सांगावं? ओरडतील का? ओरडले तर बरं. ते ओरडत नाहीत, हेच वाईट. चौकशीच्या दिवसांतही ओरडले नव्हते. संध्याकाळी विटा घेऊन आले होते आणि भिंत रचायला लागले होते.

*

घरात पंखा फिरत होता. मुलीने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं होतं आणि ती कागदावर आकडे मांडत होती. समोर फोरमन, हाताची घडी घातलेले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. धाप लपत नव्हती. अॅप्रनवर सिलिंडरच्या चावीचा गंज लागलेला होता. फोरमननी एकदा त्या डागाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा कागदावर नेली.

"बरं झालं आलात, काकू. तुम्हीच समजवा काकांना," मुलगी म्हणाली. "मागच्या लाइनवर काहीतरी सतत ओढतंय. ती गळती थांबवली तर दोन किलोवॅटमध्ये भागतं तुमचं. खर्च जवळजवळ अर्धा. पाच वर्षांत पैसे हातात. एवढा सोपा हिशेब आहे, तर काका म्हणतात साडेतीनच लावा."

"अहो," काकू म्हणाल्या, "मला जरा बोलायचंय. आत या."

"इथंच बोल."

"त्या मागच्या लाइनवर..." काकूंनी सुरुवात केली. जुळवून आणलेलं वाक्य बोळातच कुठंतरी सांडलं होतं. "तिथं गळती नाहीये. मी..."

"गळती नाहीच," फोरमन मुलीला म्हणाले. "लोड आहे. बोर्ड माझ्या हातचा आहे, त्यात गळती होत नसते. तो लोड धरायचा."

"कायमचा?"

"आहे तोवर."

मुलीने एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे पाहिलं आणि खांदे उडवून साडेतीनवर गोल काढला. काकू चौकटीला टेकल्या. त्यांना बसायला हवं होतं, पण खुर्ची ओढली तर आवाज होईल असं त्यांना उगाचच वाटलं.

"आता एक सांग," फोरमन पुढे झुकले. "बाहेरची लाइन गेली, तर तुमचं सोलर चालतं का?"

"नाही, काका. लोकांना वाटतं चालेल, पण नाही. भर उन्हात असलं तरी आपोआप बंद होतं."

"ते बरोबरच आहे. खांबावर चढलेल्या माणसाच्या अंगात जाईल नाहीतर." त्यांनी मान हलवली. "मग बॅटरी टाकावी लागेल."

"बॅटरी?" मुलगी थबकली. "टाकता येईल. पण खरं सांगू का, तुम्हाला गरज नाही. तुमच्याकडे लाइन जाते कितीशी? महिन्यातून दोन-चारदा. बॅटरी महाग, आठ-दहा वर्षांनी बदलायची, आणि तिच्याने बिलात काहीच वाचत नाही. घरातले दिवे-पंखे चालवायला तर—"

"दिवे-पंखे नाही. ते गेले तर गेले. एकच लाइन बॅटरीवर घ्यायची. मागची."

"किती लोड?"

"दोनशे वॅट," फोरमन म्हणाले. "रात्रभर चालायला हवं. आणि लाइन गेल्यावर बॅटरी लागेपर्यंत मध्ये खंड पडता कामा नये. डोळ्याची पापणी लवेल इतकासुद्धा नाही."

काकूंनी मशीनच्या पाठीवरची पट्टी अनेकदा पुसली होती. तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं.

मुलगी लिहीत होती. लिहिता लिहिता तिचा चेहरा बदलत गेला. तिने पेन खाली ठेवलं.

"काका, घरात कुणी आजारी आहे का?"

फोरमननी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. काच स्वच्छच होती.

"तुमच्या कागदावर वापर कशासाठी ते लिहावं लागतं ना? काय पर्याय आहेत?"

"दुकान, कारखाना, घरगुती."

"घरगुती लिही."

मुलीने लिहिलं. मग कागदाच्या तळाशी आली आणि अडली. फोनवर काहीतरी दाबलं, खोडलं, पुन्हा दाबलं.

"बॅटरी धरली की हिशेबच बसत नाही हो," ती ओशाळून म्हणाली, जणू चूक तिची होती. "पैसे किती वर्षांत निघतील, ते इथं भरायचं असतं. काय भरू? बॅटरीचे तर कधीच निघणार नाहीत."

"मोकळी सोड ती जागा," फोरमन म्हणाले.

आणि मग काकूंकडे न बघताच, नेहमीच्या आवाजात, "अगं, उभी काय राहिलीस? बस की. गुडघे दुखत असतील."